मुक्तिलढ्याचे दागिने : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

कृष्णवर्णीय मुक्तिलढ्यातल्या माणसांच्या स्मरणार्थ घडवल्या जाणाऱ्या दागिन्यांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यांतले निवडक इथे देत आहोत. उत्तरांत इतिहास आणि कारागिरी एकत्रच आली आहे, कारण बहुतेक चुका या दोहोंच्या सांध्यावरच होतात.

प्रश्न : आमच्या अभ्यासमंडळासाठी, गुलामीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेले अमेरिकी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या चेहऱ्याची चांदीची पंधरा पेंडंट करायची आहेत. कारागिराने लेझर प्रिंटवरून फोटो पत्र्यावर उतरवून एचिंग (द्रावणाने धातू खाऊन चित्र कोरणे) केले. पण कोट चकचकीत पांढरा आणि शर्टाची कॉलर काळी आली, चेहरा तर फोटोच्या निगेटिव्हसारखा दिसतो. शिवाय पत्र्यावर पांढरट थर धरला. मागच्या बाजूला महात्मा फुल्यांची अर्पणपत्रिका घालायची आहे, तेही सांगा. — एक वाचक, नागपूर

दोन चुका झाल्या आहेत आणि दोन्ही नेहमीच्या आहेत.

पहिली प्रिंटची. पत्र्यावर जिथे टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची शाई, बसतो तिथे द्रावण लागत नाही. तो भाग वर राहतो आणि पॉलिशनंतर चमकतो. उघडा भाग खाल्ला जातो, खोल जातो आणि काळा होतो. फोटो आहे तसा छापला, तर त्यातले सगळे गडद भाग वर राहून चमकणार आणि उजेडाचे भाग काळे पडणार. सावळ्या चेहऱ्यात गडद छटाच जास्त, त्यामुळे चेहरा ओळखू येत नाही. म्हणून प्रिंट काढताना रंग उलटे करायचे आणि चित्र आरशात दिसते तसे डावे-उजवेही उलटायचे, कारण कागद पालथा पडतो.

इथे आणखी एक मेख आहे. डग्लस यांचे सुरुवातीचे फोटो डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर घेतलेले जुन्या पद्धतीचे फोटो, आहेत आणि डॅगेरोटाइप मुळातच आरशातली प्रतिमा असते. काही ठिकाणी ती सरळ करून छापलेली असते, काही ठिकाणी नसते. कोट बघा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. चित्रात उलटे असेल, तर ते न सुधारलेले आहे.

दुसरी चूक द्रावणाची. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळते ते फेरिक क्लोराइड तांबे आणि पितळ खाते. चांदीवर त्याने सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा थर धरतो आणि काम तिथेच थांबते. चांदीला फेरिक नायट्रेट लागते : ३०० ग्रॅम खडे, ४०० मिलि डिस्टिल्ड वॉटर. खडे पाण्यात हळूहळू टाका. सराफकट्ट्यावर नायट्रिक आम्ल, म्हणजे तेजाब, वापरायचा सल्ला मिळेल. तो मानू नका. त्याचे बुडबुडे टोनर उचकटतात आणि तपकिरी वाफ फुप्फुसांना घातक असते.

आता क्रम. ९२५ चांदीचा (हजारात ९२५ भाग चांदी, बाकी तांबे) १ मिमी पत्रा घ्या. प्युमिस पावडरने घासून पाण्याखाली धरा. पाणी सलग पसरले पाहिजे. थेंब गोळा होत असतील तर तेल शिल्लक आहे आणि तिथे टोनर सुटणार. प्रिंट गुळगुळीत कागदावर काढा, इस्त्रीने तीन-चार मिनिटे दाबा, पाण्यात भिजवून कागद चोळून काढा. निसटलेल्या जागा मार्करने भरा. पाठ आणि कडा पॅकिंग टेपने झाका. मग पत्रा *पालथा* टाका, तळापासून थोडा वर, टेपच्या पट्टीने किंवा थर्माकोलच्या तुकड्याला लटकवून. उताणा ठेवला तर सुटलेला गाळ खाचेतच बसतो आणि खोली असमान येते. दर अर्ध्या तासाने पाहा. साध्या तापमानाला दोन ते चार तासांत पाव मिलिमीटर खोली मिळते, पेंडंटला तेवढी पुरे.

द्रावण खाली खाते तसेच बाजूलाही खाते. पाव मिमी खोलीला रेषा दोन्ही अंगांनी झिजते, म्हणून अर्ध्या मिमीपेक्षा बारीक रेषा ठेवू नका. डोळ्यांतली चमक आणि मिशांचे केस हाताने जाड करून घ्या. फोटो जसाच्या तसा उतरवण्याचा हट्ट धरला, तर नेमके डोळे जातात.

बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा आणि टोनर अॅसिटोनने पुसा. गंधकयुक्त पोटॅशच्या कोमट पाण्यात काळे करून सपाट ठोकळ्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून फक्त वरचा भाग घासा. बफिंगच्या चाकावर धरू नका, उथळ खाचांतला काळेपणा निघून जातो. वापरलेल्या द्रावणात चांदी आणि तांबे असते. ते मोरीत ओतायचे नाही, बरणीत ठेवून रिफायनरीवाल्याला द्यायचे.

अर्पणपत्रिकेबद्दल. १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण झाली ती गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. डग्लस यांना नव्हे. पुढे चेहरा आणि मागे ती ओळ अशी रचना केली, की वाचणाऱ्याला ती डग्लस यांना उद्देशून वाटते. म्हणून ओळीखाली ‘जो. फुले, १८७३’ असे स्पष्ट घाला, नाहीतर ओळ नकोच. एचिंगमध्ये देवनागरी अक्षर अडीच-तीन मिमीपेक्षा लहान असेल तर रफार आणि अनुस्वार खाल्ले जातात. पाठीमागचा मजकूर लेझरने कोरून घेतलेला बरा.

प्रश्न : गुडघे टेकून, साखळदंडात हात जोडलेल्या माणसाचे जुने पदक नेटवर दिसते. त्याची प्रतिकृती लॉकेट म्हणून करावी का? — एक वाचक, रत्नागिरी

ते पदक १७८७चे, इंग्लंडमधल्या जोसाया वेजवुड यांच्या चिनी मातीच्या कारखान्यातले. त्याच वर्षी लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी संस्था स्थापन झाली आणि तिच्या मुद्रेवरचे हे चित्र. साचा विल्यम हॅकवुड यांनी केला. पांढऱ्या जॅस्परवर (चकाकी नसलेल्या भाजलेल्या मातीवर) काळी उठावाची आकृती, लंबगोल, उंची सुमारे ३ सेंमी, कडेने ‘मी माणूस आणि भाऊ नाही का?’ अशा अर्थाचा प्रश्न. वेजवुड यांनी १७८८ साली यातली काही बेंजामिन फ्रँकलिन यांना पाठवली. उत्तम लिहिलेल्या पत्रकाइतका याचा परिणाम होईल, असे फ्रँकलिन यांनी कळवले होते. पुरुषांनी ती तपकिरीच्या डब्यांवर बसवून घेतली, बायकांनी कंगनांत आणि केसांच्या काट्यांत. चळवळीचा दागिना म्हणून ते फारच यशस्वी ठरले.

तरी लॉकेटसाठी आम्ही ते सुचवणार नाही. ती आकृती गोऱ्या सहानुभूतिदारांना पाझर फुटावा म्हणून बेतलेली आहे : नाव नाही, चेहरा वर, हात जोडलेले. ज्यांनी स्वतः लढा दिला त्यांच्या गौरवासाठी त्यांनी स्वतः निवडलेली छबी घ्यावी. डग्लस यांनी आयुष्यभर आवर्जून फोटो काढून घेतले. एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त फोटो निघालेल्या अमेरिकी माणसांत त्यांची गणना होते. गुलामीतून सुटून तिच्याविरुद्ध भाषणे देणाऱ्या सोजर्नर ट्रूथ आपले फोटोकार्ड विकून खर्च भागवत. विणकाम हातात घेऊन बसलेली त्यांची छबी त्यांनीच ठरवलेली. ती छोट्या लंबगोलातही छान बसते.

अभ्यासासाठी जुने पदक विकत घेणार असाल तर पाठीवर ठसवलेले वेजवुडचे नाव पाहा. मात्र नंतरच्या प्रतिकृतींवरही नाव असते, त्यामुळे नुसत्या नावावर पैसे मोजू नका. आणि अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात मालकाने भाड्याने दिलेल्या गुलामांना लावावे लागणारे तांब्याचे बिल्ले ‘अँटिक पेंडंट’ म्हणून विकले जातात. त्यांत नकली माल खूप. अस्सल असला तरी तो गळ्यात घालायचा जिन्नस नाही.

प्रश्न : कार्यक्रमासाठी दोनशे पिनचे बिल्ले करायचे आहेत. एखाद्या ऐतिहासिक बिल्ल्याचा आधार घेता येईल का? मशीन भाड्याने मिळाले आहे, ५८ मिमीचे. — एक वाचक, मुंबई

आधार घ्यायचा तर कृष्णवर्णीय अमेरिकी पत्रकार आयडा बी. वेल्स यांच्या बिल्ल्याचा घ्या. २३ ऑगस्ट १९१७ रोजी ह्यूस्टनमध्ये पोलिसांच्या छळातून २४व्या इन्फन्ट्रीच्या कृष्णवर्णीय सैनिकांचा उद्रेक झाला. ११ डिसेंबरला पहाटे त्यांतल्या तेरा जणांना एकदम फाशी दिली गेली, अपिलाची संधी न देता. वेल्स यांनी शिकागोत त्या ‘हुतात्मा निग्रो सैनिकां’च्या स्मरणाचे बिल्ले छापून घेतले. सरकारी गुप्तहेर दारात आले, राजद्रोहाचा धाक घातला. वेल्स यांनी बिल्ले त्यांच्या हवाली केले नाहीत. २०२३ साली अमेरिकी लष्कराने त्या प्रकरणातल्या ११० सैनिकांच्या शिक्षा रद्द केल्या. तुम्ही ११ डिसेंबर १९१७ ही तारीख आणि हा संदर्भ बिल्ल्यावर आणला तर ‘ब्लॅक पँथर’ची मूठ हजाराव्यांदा छापण्यापेक्षा ते अधिक बोलेल. मुंबईत १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले ते त्याच संघटनेवरून, त्यामुळे मूठ आणि पंजा आपल्याकडे ओळखीचे आहेत. वेल्स फारशा नाहीत.

५८ मिमी बिल्ल्याला कागदाची चकती ७० मिमी लागते. कडेचे ६-६ मिमी मागे वळतात. म्हणून पार्श्वभूमीचा रंग पूर्ण ७० मिमीपर्यंत न्या आणि अक्षरे मात्र मधल्या ५० मिमीत ठेवा. अक्षरे कडेला गेली की बाक येऊन वाचता येत नाहीत. कागद ९० ते १२० जीएसएम. निमंत्रणपत्रिकेचा ३०० जीएसएम कागद घातला तर पत्रा कागदावर नीट मुडपत नाही, पाठ सुटते. इंकजेटची शाई ओलाव्याने पसरते, पावसाळ्यात तर हमखास. लेझर प्रिंट घ्या. रचना अशी : पत्र्याची वाटी, त्यावर कागद, त्यावर पारदर्शक फिल्म. दुसऱ्या दाबात पिनची पाठ. चित्र सरळ आणि पिन आडवी आली पाहिजे, म्हणून पहिले पाच बिल्ले रद्दी कागदाचे करून खूण ठरवून घ्या. दोन फिल्म चिकटून आल्या तर मशीन अडकते. तेव्हा दांडा जोराने दाबू नका, साचा वाकतो. वीस-पंचवीस संच जादा मागवा.

प्रश्न : लाल-काळा-हिरवा मीना चांदीवर करतो. लाल दर वेळी तपकिरी होतो. पट्ट्यांचा क्रम कोणता? — एक कारागीर, नाशिक

क्रम वरून खाली लाल, काळा, हिरवा. कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांच्या संघटनेने १३ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या अधिवेशनात हे कृष्णवर्णीयांचे रंग म्हणून जाहीर केले. पिवळा घातला की तो वेगळा ध्वज होतो : हिरवा-पिवळा-लाल हा इथिओपियाचा, लाल-पिवळा-हिरवा आणि मध्ये काळा तारा हा १९५७ साली स्वतंत्र झालेल्या घानाचा. जूनटीन्थचा, म्हणजे अमेरिकेतल्या १९ जूनच्या गुलामीमुक्ती दिनाचा, ध्वज तर लाल-निळा, पांढऱ्या ताऱ्याचा. गिऱ्हाईक ‘आफ्रिकेचे रंग’ एवढेच सांगते, म्हणून आधी विचारून घ्या.

पारदर्शक लाल मीना थेट चांदीला लागला की मळकट होतो. शिवाय ९२५ मधले तांबे भट्टीत वर येऊन त्याला आणखी काळवंडते. जमल्यास ९९९ चांदी किंवा सरळ तांबे घ्या. ९२५ च वापरायची तर पत्रा तापवून आम्लात उजळायचे काम तीन-चारदा करा, म्हणजे वर शुद्ध चांदीचा पातळ पदर येतो. खाच ०.३ ते ०.४ मिमी. लालच्या खाचेत आधी बिनरंगी मीन्याचा पदर भाजून घ्या. काळा आणि हिरवा आधी भाजा, लाल सर्वांत शेवटी आणि कमीत कमी वेळ. जयपूरचे मीनाकारही लाल शेवटीच ठेवतात, कारण तो आच सोसत नाही. दळलेला मीना पाणी नितळ येईपर्यंत धुवा, नाहीतर धुरकट दिसतो. पूर्ण सुकल्याशिवाय भट्टीत घालू नका, वाफ दाणे उडवते. पत्रा १ मिमीपेक्षा पातळ असेल तर पाठीलाही मीना द्यावा लागेल, नाहीतर थंड होताना पट्टी तडकते.

प्रश्न : १९६८च्या ऑलिम्पिकमधल्या मुठीचे पेंडंट ओतून घ्यायचे आहे. मूठ उजवी की डावी? — एक वाचक, सांगली

मेक्सिको सिटी, १६ ऑक्टोबर १९६८ : पदक घेताना वंशभेदाच्या निषेधार्थ मूठ उंचावणाऱ्या अमेरिकी धावपटूंपैकी टॉमी स्मिथ यांची उजवी, जॉन कार्लोस यांची डावी. हातमोज्यांची एकच जोडी दोघांत वाटली होती. मेणाच्या साच्यातून ओतकाम केले तर मूठ जशी मेणात तशीच येते. ठशावर पत्रा ठोकून घेणार असाल तर ठसा उलटा कोरावा लागतो, इथेच उजव्याची डावी होते. खरे तर त्या व्यासपीठावर मुठीपेक्षा नेमके दागिने होते : लिंचिंगमध्ये, म्हणजे जमावाच्या हातून, मारलेल्यांच्या आठवणीसाठी कार्लोस यांनी घातलेली मण्यांची माळ, आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर नॉर्मन धरून तिघांच्याही छातीवरचा मानवी हक्कांचा बिल्ला. माळ करून पाहा.

प्रश्न : ब्राझीलमधल्या ‘बालांगांदां’विषयी ऐकले. तो नेमका कसा असतो आणि इथे घडवता येईल का? — दागिने घडणीची विद्यार्थिनी, पुणे

येईल, आणि आपल्या हातांना तो परका वाटणार नाही. कमरेला खोचायचा, किल्ल्या अडकवलेला चांदीचा छल्ला डोळ्यांसमोर आणा. बाइया प्रांतातल्या कृष्णवर्णीय बायका, गुलाम आणि मुक्त दोन्ही, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात असाच चांदीचा घोस कमरेला साखळीने लावत. वर नक्षीची चौकट, बहुधा पक्ष्यांची. तिच्या दोन टोकांतून आडवी दांडी, एका टोकाला मळसूत्र. दांडीवर डाळिंब, मासा, द्राक्षांचा घड, किल्ली, नाणे, मूठ.

बाइयातल्या साल्वादोर शहराच्या रस्त्यांवर विक्री करणाऱ्या गुलाम स्त्रिया मालकाला ठरलेली रक्कम देऊन उरलेले साठवत. दागिना ही त्यांची बचत होती आणि त्या बचतीतून स्वतःची किंवा नातलगांची सुटका विकत घेतली जाई. गुलामी कायद्याने संपली १३ मे १८८८ला. त्याआधी मिळालेले पुष्कळ स्वातंत्र्य असे तोळ्या-तोळ्याने मिळवलेले आहे. साल्वादोरच्या कार्लोस कोस्ता पिंटो संग्रहालयात यांचा मोठा संग्रह आहे. नमुन्यासाठी तिथलीच चित्रे घ्या.

घडवताना चौकटीला १.५ मिमी पत्रा आणि दांडीला ३ मिमी तार घ्या. आटे तापवून मऊ केलेल्या तारेवर पाडले तर लवकर झिजतात, म्हणून तार ओढून कडक झाल्यावर पाडा आणि नंतर तिला आच लावू नका. घडीव डाळिंब पोकळ असेल तर डाक देण्याआधी (सोल्डरिंगआधी) बारीक भोक ठेवाच. आतली हवा तापून फुगते आणि सांधा फुटतो, कधी तुकडा उडतो. प्रत्येक कडी डाक देऊन बंद करा, कारण इतक्या वजनाला नुसती दाबलेली कडी उघडते. आठ-दहा जिन्नस पुरेत. बाजारात गळ्यात घालायचे इवलेसे ‘बालांगांदां’ मिळतात, ते मात्र निव्वळ पर्यटकांसाठी.

प्रश्न : अमेरिकेत गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे चांदीचे डॉलर नाणे भाच्याने पाठवले. कडी लावून गळ्यात घालू का? — एक वाचक, न्यू जर्सीहून

कडीचा डाक देऊ नका. ते २०२४चे स्मारक नाणे ९९९ चांदीचे, २६.७३ ग्रॅम, ३८.१ मिमी. आच लागली की आरशासारखी झळाळी गेली आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही. ३८.१ मिमीची स्क्रूची चौकट घ्या, जाडी व्हर्नियरने मोजून. नाणे कडेला धरा, बोटांचे ठसे चांदीत काळे उमटतात. चौकटीसह वजन ३५ ग्रॅमच्या पुढे जाते, नाजूक साखळीचा फासा उघडेल. अर्धा डॉलर हलका आहे, ११.३४ ग्रॅम, पण त्यात निकेल असते. निकेलने अंगाला खाज येत असेल तर तो टाळा.

प्रश्न : आपल्याकडचा मलिक अंबर या मालिकेत बसतो का? त्याचे चित्र कुठले घ्यावे? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

इथिओपियात जन्म, गुलाम म्हणून विक्री, आणि पुढे निजामशाहीचा कारभारी होऊन मोगलांना दख्खनेत रोखणे, खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवणे, १६२६ साली मृत्यू : गुलामीतून उठलेला माणूस म्हणून तो नक्की बसतो. गुलामीविरुद्ध लढणारा म्हणून मात्र नाही, त्याच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. लॉकेटच्या पाठीवर ‘मुक्तिदाता’ असे कोरू नका.

चित्र निवडताना जपा. शोधल्यावर सर्वांत आधी दिसते ते मोगल दरबारातला चित्रकार अबुल हसनचे, ज्यात जहांगीर भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. जहांगीराच्या मनातले ते चित्र, प्रत्यक्षात तसे कधी घडले नाही. त्यातला चेहरा कापून घेतलेली लॉकेटे विकली जातात. त्याऐवजी एका अंगाने उभा, पांढऱ्या जाम्यातला आणि पगडीतला जो अंबर त्या काळच्या दुसऱ्या चित्रांत आहे तो घ्या. एका बाजूचा चेहरा ठशाला सोपा, आणि पुतळीहाराच्या चकतीवर २० मिमीतही नाक-कपाळाची रेषा टिकते. जुन्या चित्रावर हक्क नसतो, पण संग्रहालयाने काढलेला फोटो व्यापारी कामाला वापरण्याच्या अटी वाचून घ्या. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव, छबी आणि भाषणातले शब्द यांवर त्यांच्या वारसांचे कडक नियंत्रण आहे, तिथे विक्रीआधी लेखी परवानगी लागते. अमेरिकी कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस तर हयात आहेत, त्यांनाच विचारायचे.